बाजू बदलायचा रविवार

शालू, आज बोलायची पाळी तुझी होती. मी सकाळपासून घरात येरझाऱ्या घालते आहे. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा तो ओट्यावरच निवला. ज्ञानकोशातल्या पवनच्या पानाचं काय करायचं ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं आहे, आणि तू मेलीस. मी हे असंच लिहिणार. 'अनंतात विलीन झालीस' वगैरे लिहिलं तर तूच वरून खाली उतरशील आणि विचारशील, कुठं विलीन झाली, जागा नीट लिही.

तुझ्या तेरवीला लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. तू मनमिळाऊ होतीस म्हणाले. मी तेव्हा पाणी पीत होते, मला ठसका लागला. आख्खी शिक्षकखोली तुला टरकून असायची. मुख्याध्यापकांच्या नोटिशीतल्या चुका तू नोटीस बोर्डावरच दुरुस्त करायचीस. कोणाची माफी मागताना मी तुला उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. मनमिळाऊ म्हणे! मला तिथेच उठून भांडावंसं वाटत होतं. पण भांडायला समोर तू लागतेस, ही माझी खरी अडचण आहे.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, आपण ज्ञानकोशात गेलो. तूच ओढलंस मला. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही दुसऱ्याचं खोडू शकतं, हे तू मला इतक्या आनंदानं सांगितलंस की त्यातलं खोडणंच तुला जास्त आवडलंय हे मला तेव्हाच समजलं. दर रविवारी मी स्कूटी काढून बोरगाव मेघेला तुझ्याकडे यायची. तुझ्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, मधे चिवड्याचा डबा, आणि आपण जिल्ह्यातली गावं लिहीत बसायचो. तू भूगोलाची, मी मराठीची. तू म्हणायचीस, गाव माझं, वाक्य तुझं. मग माझं वाक्यही तूच बदलायचीस.

अल्लीपूरच्या पानावरून आपण पंधरवडाभर अबोला धरला होता. माझं माहेर अल्लीपूरचं. मी तिथल्या आठवडी बाजाराचा वार लिहिला आणि तू ती ओळ काढून टाकलीस.

"संदर्भ?" तू म्हणालीस.

"अवं, माहेर हाये माह्यं थे. लहानपनापासून बाजाराले गेलती मी."

"तुही पिशवी म्हणजे संदर्भ नाई, कुंदे. छापील दाखव."

छापील सापडलं नाही. ज्या बाजारात मी बोर-चिंचा खात वाढले त्याचा वार ज्ञानकोशात नाही, तो तुझ्यामुळे. माझ्या सासऱ्यांनी वडनेरला चालवलेल्या वाचनालयावर मी लेख लिहिला, तोही तू टिकू दिला नाहीस. आपलं नातं आहे त्या विषयावर आपण लिहायचं नाही, लिहिलंच तर संबंध आधी जाहीर करायचा आणि आपलं मत मोजू नका असं सांगायचं, हा तिथला नियम. तू तो नियम मला मोठ्यानं वाचून दाखवलास. मी म्हटलं, सासरे गेले वारून, त्यांना काय फरक पडतो. तू म्हणालीस, "त्यायले नाई पडत. तुले पडते." मी त्या दिवशी चिवडा न खाता घरी आले.

आणि मग आपल्या दोघींचा असा एक नियम होता, तो ज्ञानकोशात कुठेही लिहिलेला नाही. शाळेत वादविवादाची मुलं तयार करताना तू प्रत्येकाकडून दोन्ही बाजू करून घ्यायचीस. पोरं रडकुंडीला यायची, पण बक्षीस घेऊन यायची. तेच तू ज्ञानकोशाला लावलंस. एखादं पान ठेवायचं की काढायचं असा वाद चर्चापानावर आला, की पहिल्या रविवारी एकीनं ठेवा म्हणायचं, दुसरीनं काढा. जीव तोडून भांडायचं. पुढच्या रविवारी बाजू बदलायच्या आणि तितकंच जीव तोडून भांडायचं. मत त्यानंतर नोंदवायचं. कोणी कोणती बाजू आधी घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. कितीदा तरी दुसऱ्या रविवारी मी माझंच पहिल्या रविवारचं म्हणणं मोडून काढलं आहे, आणि तू समोर बसून टाळ्या वाजवल्या आहेत.

पवनचं पान आलं तेव्हा तू चिठ्ठ्या टाकल्या नाहीस. "मी काढाची बाजू घेतो," म्हणालीस आणि चष्मा लावून बसलीससुद्धा. मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतंय.

पवन आपल्याकडे लग्नांची शूटिंग करणारा पोरगा. हिंगणघाट, वर्धा, मधली सगळी गावं त्यानं मोटरसायकलवर पालथी घातलेली. गिऱ्हाइकाला द्यायचं ते देऊन झालं की जे उरायचं, म्हणजे स्वयंपाकाकडचं, मांडवामागचं, मुलीकडच्यांचं कोणी पाहत नसतानाचं, ते त्यानं वर्षानुवर्षं जपलं आणि त्याचा सिनेमा केला. नाव 'मांडवामागे'. त्यात कोणी निवेदन करत नाही. नुसती मुलीकडची माणसं दिसतात, धावताना, हात जोडताना, हसू चेहऱ्यावर ठेवून उभी असलेली. ती माणसं खरी होती आणि त्यानं त्यांना विचारलेलं नव्हतं. वर्ध्यात एका सभागृहात खेळ लावला तेव्हा एक नवरदेवाचा बाप पडद्यावर स्वतःला पाहून उठला. खुर्च्या उडाल्या, पवनचा कॅमेरा फुटला, खेळ बंद पडला. पेपरात बातम्या आल्या. कोणी म्हणालं, काय हिंमतीचा पोरगा. कोणी म्हणालं, लग्नात जेवू घातलं त्या घराला नागडं केलं. मग परगावी दोनचार ठिकाणी सिनेमा दाखवला गेला आणि एका मासिकात त्यावर लांबलचक लेख आला.

कोणीतरी ज्ञानकोशात त्याचं पान केलं. छोटंसंच पान, आणि ते जवळजवळ सगळं त्या राड्याचं. कोणीतरी दुसऱ्यानं ते काढावं म्हणून चर्चेला टाकलं. मतं निम्मी निम्मी पडली. तेव्हा प्रचालकांनी, म्हणजे शेवटचा निर्णय देणाऱ्यांनी, लिहिलं की वर्ध्याच्या बाजूच्या जाणत्या सदस्यांनी सांगावं, मग आम्ही ठरवू. जाणत्या म्हणजे आपण दोघी. तू ते वाचून कॉलर ताठ केल्यासारखा पदर सावरलास.

त्या रविवारी तू माझं काही चालू दिलं नाहीस.

"पोट्टा कालपर्यंत लग्नं काढत होता. एक सिनेमा केला अन् एक भांडण झालं. भांडण काढून टाक पानातून, मंग काय उरते सांग."

"सिनेमा उरते ना."

"सिनेमाच्या दोन ओळी हायेत. बाकी खुर्च्याच खुर्च्या. कोनी त्याचं नाव टाकलं का पयले हेच येईल. हे पान हाये का त्याच्या गयात अडकवलेली पाटी?"

मी म्हटलं, आपल्या जिल्ह्यातून कोणी काही केलं की आपण आधी संदर्भ मागतो, आणि पुण्यामुंबईच्या माणसाचं पान बनलेलं असतं. आपण काय फक्त नद्या आणि तालुके लिहायचे? माझं ते वाक्य तुला आवडलं होतं. तू हसलीस. मग मी विचारलं, "शालू, तू पाह्यला काय वं सिनेमा?"

तू म्हणालीस, "आपन सिनेमा नाई तपासत. संदर्भ तपासतो."

नियमाप्रमाणे उत्तर बरोबरच होतं. जाताना तू फाटकापर्यंत आलीस आणि म्हणालीस, पुढच्या रविवारी लवकर येजो, मले खूप बोलायचं हाये. गुरुवारी सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली आणि तू उठली नाहीस.

मी चर्चापानावर लिहिलं की आमच्यातली एक जण गेली, जरा थांबा. ते थांबले. बरीच अनोळखी माणसं तिथे तुझ्यासाठी दोन दोन ओळी लिहून गेली. त्यातल्या निम्म्यांचं तू कधी ना कधी खोडलेलं होतंस.

तेरवीच्या दिवशी पवन आला. मी त्याला ओळखत नव्हते. चपलांच्या ढिगापाशी एक पोरगा उभा, आत येईना, जाईनाही. तुझ्या लेकीच्या, मृणालच्या, सासरची मंडळी पंगतीत बसलेली होती, त्यांच्याकडे पाहून तो पुन्हा पुन्हा मागे सरकत होता. मी विचारलं, कोण रे तू? त्यानं नाव सांगितलं आणि मी चमकलेच.

"तू इथं कसा?"

"मॅडमच्या लेकीचं लग्न म्याच काढलं होतं, काकू."

मला ते माहीतच नव्हतं. लग्नात शूटिंगवाल्याचा चेहरा कोण पाहतं? तो पुढे म्हणाला, "मॅडम मले म्हने, पुढच्या रविवारी मी तुह्या बाजूनं बोलतो. मंग काय बोलल्या काकू? तुमी होत्या ना तिथं?"

त्याला वाटत होतं तू बोलून गेलीस. मला त्याला सांगावं लागलं की तो रविवार आलाच नाही. त्यानं मान हलवली, जेवायला बसला नाही. जाताना माझ्या फोनवर सिनेमा पाठवून गेला. म्हणाला, "मॅडम हाये त्याच्यात. त्यायनं पाह्यला होता. इथंच, जेवनाच्या टेबलावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडदे ओढून तो सिनेमा लॅपटॉपवर लावला. शालू, मला तुला हे सांगायचं नव्हतं, पण तुझ्याशिवाय कोणाला सांगू? मृणालचं लग्न आहे. भाऊजी जाऊन वर्ष होत आलेलं, तू एकटीच सगळं रेटत होतीस. पंगतीत तिच्या काकासासऱ्यांच्या आधी त्यांच्या धाकट्या भावाच्या पानात वाढलं गेलं, म्हणून ते उठले आणि मांडवामागे जाऊन उभे राहिले. तू त्यांच्यामागे धावलीस. बोलणं ऐकू येत नाही, बँड वाजतोय. तू हात जोडतेस. ते मान फिरवतात. तू पुन्हा समोर जाऊन हात जोडतेस. मग तू वाकतेस. ज्या शालूनं शाळा तपासायला आलेल्या साहेबाला खुर्चीतून उठवून 'आधी फळा वाचा' म्हटलं होतं, ती वाकते आणि त्या माणसाच्या पायाला हात लावते. तो पाय मागे घेतो. तू पुढे सरकून पुन्हा हात लावतेस.

ते आत निघून गेल्यावर तू सरळ उभी राहतेस. पदराला हात पुसतेस. मग तुला कॅमेरा दिसतो. तू त्याच्याकडे पाहतेस आणि काहीतरी बोलतेस. मी ती जागा मागे घेऊन घेऊन पाहिली, मला तुझे ओठ वाचता आले नाहीत. शेवटी पवनला फोन करून विचारलं.

तो म्हणाला, "मी घाबरून बंद करून राह्यलो होतो. मॅडम म्हने, बंद नको करू."

मी त्या लग्नात होते. तुझ्या शेजारी उभं राहून पाहुण्यांना कुंकू लावत होते, सगळ्यांना सांगत होते की शालूनं कसं एकटीनं निभावलं. आणि मला काही दिसलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तू माझ्यासमोर बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. मला तुझी कीव आली नाही, शालू. मला तुझा राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. माझ्या सासऱ्यांच्या वाचनालयावरून मला नियम वाचून दाखवणारी तू, स्वतः त्या सिनेमात असून 'आपन संदर्भ तपासतो' म्हणून मोकळी झालीस!

मी पवनलाच पुन्हा विचारलं, मॅडमनं मला का नाही सांगितलं?

"इचारलं होतं म्या. मॅडम म्हने, कुंदाले सांगतलं तर थे मले बोलूच देनार नाई."

तेव्हा मला तुझी चाल उमगली. चिठ्ठ्या न टाकता तू काढाची बाजू आधी घेतलीस, कारण शेवटचा रविवार तुला हवा होता. शेवटचं भाषण ठेवाचं व्हावं आणि ते तू करावंस. नियमानं तुला तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून तू माझ्यापासून लपवलंस. आयुष्यभर दुसऱ्यांना नियमावर धरलंस, आणि एकदा मोडलास तो त्या पोरासाठी. का ते मला अजून नीट कळत नाही. त्यानं तुला पाहिलं होतं म्हणून? की त्यानं निदान तुला तरी विचारलं होतं म्हणून? हो, तेही त्यानं सांगितलं. सिनेमा पुरा व्हायच्या आधी तो तुझ्याकडे आला होता. तू तो पाहिलास, आपली जागा असू दे म्हणालीस, आणि मग त्याला फैलावर घेतलंस की बाकीच्यांना का नाही विचारलं. तो म्हणाला, वेळ नव्हता. त्या वेळ नसण्यानंच पुढे खुर्च्या उडाल्या, हे तू त्याला राड्यानंतर घरी बोलावून ऐकवलंस. म्हणजे पहिल्या रविवारी तू जे बोललीस तेही खोटं नव्हतं. दोन्ही बाजू तुझ्याच होत्या.

मग मी काय करायचं? तू ठरवल्याप्रमाणे तुझी बाजू मांडायची, आणि तुझं त्यात असणं झाकून ठेवायचं? की सांगून टाकायचं, म्हणजे तुझं वाकणं साऱ्या ज्ञानकोशाला दाखवायचं, आणि वर आपलं मतही घालवायचं? आठवडाभर मी हेच करते आहे. भाजी चिरताना ठेवा, धुणं वाळत घालताना काढा. काल शेजारीण म्हणाली, कुंदाताई, एकट्याच कोणाशी बोलता? मी म्हटलं, माझं भांडण चालू आहे.

आज दुपारी राहवेना. स्कूटी काढली आणि तुझ्याकडे आले. मृणाल होती. तिनं तुझं टेबल पुसून ठेवलं होतं, तुझा लॅपटॉप बंद करून कपाटात टाकला होता. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज चढत गेला. मी म्हटलं, तुझ्या आईनं मला फसवलं. ती पोर शांत होती.

"मावशी, मी पाह्यला तो सिनेमा. कवाच पाह्यला. माह्या सासरी सगळ्यायनं पाह्यला."

"मग?"

"मंग काई नाई. कोनी एक शब्द नाई बोललं. आईले वाटे मले माहीत नाई. मले वाटे तिले नको कळू देऊ. अशा दोघी गप्प राह्यलो."

मग ती म्हणाली, "तेरवीच्या दिवशी तू पाह्यलं नाई का, मावशी?" मी पाहिलं होतं. तुझ्या तेरवीला मृणालचे काकासासरे पंगतीत बसले नाहीत. त्यांनी कोट काढून ठेवला, वरणाची बादली हातात घेतली आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत राहिले. प्रत्येक पानापुढे वाकत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता मला त्यांचा राग करायचा आहे, आणि त्यांच्या कपाळावरचा तो घाम आठवून तो धड करता येत नाही, म्हणून मी आणखीच चिडते. त्या सिनेमानं काय केलं याचा याहून मोठा पुरावा मला कुठे मिळणार? आणि तो ज्ञानकोशात घालता येत नाही. तूच म्हणाली असतीस, वरणाची बादली म्हणजे संदर्भ नाही.

मी मृणालला म्हटलं, मी लिहिलं तर आईचं नाव येईल. सगळे शोधून पाहतील. तुझ्या सासरचंही येईल.

तिनं टेबलाच्या कडेवर नख ओढलं. मग म्हणाली, "लिही मावशी. आईनं बंद नको करू म्हनलं ना त्याले? मंग आपन काऊन बंद करायचं?"

तुझ्याच खुर्चीत बसून माझ्या लॅपटॉपवर लिहिलं. माझी खुर्ची मृणालनं घेतली. आधी मी तुझी बाजू तिच्यासमोर मोठ्यानं मांडली, आपल्या रिवाजाप्रमाणे, आणि ती काढाच्या बाजूनं भांडली. बरी भांडते, शालू. तुझ्यासारखंच मधेच तोडते. मग मी चर्चापानावर हे घातलं:

'या चित्रपटात मांडवामागे वाकलेली जी बाई दिसते ती आमची शालिनी, याच ज्ञानकोशात लिहिणारी. तिनं तो चित्रपट पाहिला होता आणि आपला भाग असू द्यावा असं सांगितलं होतं. माझी ती मैत्रीण. तिचा आणि माझा या विषयाशी असा संबंध असल्यानं माझं मत मोजू नये. मात्र मासिकातला लेख भांडणावर नसून चित्रपटावर आहे, तो निर्णयापूर्वी वाचावा. पान ठेवायचं झालं तर ते चित्रपटाबद्दल असावं, खुर्च्यांबद्दल नको.'

पाठवलं आणि लॅपटॉप पुढे सरकवला. मृणालनं माझ्यासाठी पाणी आणलं. मला वाटलं, आता मागून तुझा आवाज येईल, 'खुर्च्यांबद्दल' हे काय वाक्य झालं?

उन्हं उतरायच्या आत निर्णय आला. प्रचालकांनी सांगितल्याबद्दल आभार मानले होते, तुझ्याबद्दल आदरानं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की लेख वाचला, लेख चांगला आहे, पण तसा स्वतंत्र संदर्भ तो एकच, बाकी साऱ्या बातम्या एकाच घटनेच्या. सध्या पान काढत आहोत, पुढे आणखी लिहिलं गेलं तर पुन्हा करता येईल. मी नाव टाकून पाहिलं. पान नव्हतं. तुझी बाजू मी हरले. तू असतीस तर जिंकली असतीस, नियम मोडून का होईना, आणि ते पान टिकलं असतं. हे मला आयुष्यभर टोचणार. आणि तरी मी पुन्हा तेच लिहीन. दोन्ही एकदमच खरं आहे, आणि ते कसं ते मला सांगायला तूच नाहीस.

पवनला फोन केला. वाटलं, चिडेल. तो ऐकून घेत राहिला. मागे कुठेतरी शेळ्यांचा आवाज येत होता.

"गेलं म्हनता पान," तो म्हणाला.

"गेलं रे. मी तुझ्या बाजूनं बोलले, पण ते मोजता येत नव्हतं."

"जाऊ द्या काकू. तेच्यात होतं काय? भांडन तं होतं." मग म्हणाला, "मॅडम मले सांगून गेल्या होत्या. ज्यायले इचारलं नाई त्यायच्या घरी जाय, म्हने. एकेकाले दाखव. जो नाई म्हनन त्याले काढ. तेच करून राह्यलो सध्या. आतापन एका गावातच हावो. काई लोक शिव्या देतात. काई जन चहा पाजतात. एक आजी म्हने, माह्या लेकीले दाखवून आन आधी."

"आणि मृणालचे काकासासरे?"

"त्यायच्याकडे जायची हिंमत नाई झाली अजून."

मला हसू आलं. तू गेल्यानंतरचं पहिलंच. मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "काकू, तुमालेही इचारायचं होतं. पन तेरवीत कसं इचारू?"

"मला काय विचारायचं?"

"तुमीही हायेत ना त्याच्यात. मॅडम जिथं वाकतात, त्याच्या मागं कापड फाटलेलं हाये. त्या फटीतून पंगत दिसते. तिथं."

फोन न ठेवताच मी लॅपटॉपवर सिनेमा पुन्हा लावला. इतक्या वेळा ती जागा पाहिली, पण माझी नजर तुझ्यावरून हललीच नव्हती. फट आहे, शालू. फटीत मी आहे, नवी पैठणी नेसलेली. वाढणाऱ्या बाईला काहीतरी सांगून मान मागे टाकून हसते आहे. तू अलीकडे वाकली आहेस. आपल्या दोघींच्या मधे नुसतं एक कापड आहे. तू मला हाक मारली असतीस तर मला ऐकू आलं असतं. तू मारली नाहीस.

फोन चालूच होता. पवन पलीकडे वाट पाहत होता.

"काकू, सांगा मंग. तुमाले काढू का?"

मी म्हटलं, "नको बाबू. शालूच्या मागं मले तसंच राहू दे."